लगामाआधीची तालीम

भिवंडीत आज घोडा दिसतो तो मुख्यतः वरातीत. यंत्रमागांचा खडखडाट, माणकोली-काल्हेरच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर आणि त्यांच्यापासून अंग चोरून बँडच्या तालावर पुढे सरकणारी झूल पांघरलेली पांढरी घोडी. शहरातल्या मोहल्ल्यांत ती येते, तालुक्यातल्या आगरी-कुणबी गावांतही येते. नवरदेव चढतो, फोटो निघतात, फटाक्यांची माळ लागते. घोडीला धरून चालणारा पोरगा पुष्कळदा विशीच्या आतलाच असतो. त्या गर्दीत तो आणि घोडी यांच्यात काय चालले आहे, याकडे कोणी बघत नाही. जमिनीवर उभा असलेला माणूस आणि त्याच्या शेजारचा घोडा यांच्यात भरवसा कसा तयार होतो, जुने-नवे जाणकार त्याबद्दल काय सांगतात आणि आपल्याकडे ते का मुरत नाही, याचा हा आढावा आहे.

माझे मत आधीच सांगतो. घोड्याची तालीम पाठीवर मांड टाकल्यावर सुरू होते, असा आपल्याकडचा समज आहे. खरे तर तिचा मोठा भाग त्याआधी, दोराच्या टोकाशी उरकायला हवा. जो घोडा जमिनीवरच्या माणसाचे ऐकायला शिकलेला नाही, तो पाठीवरच्याचेही ऐकत नसतो. तो तोंडातल्या लोखंडाला भीत असतो, इतकेच.

मुंबई-पुण्याच्या रायडिंग स्कूलमध्ये या कामाला ग्राउंडवर्क म्हणतात. म्होरकी, लांब दोर आणि एक काठी एवढेच साहित्य. सोबत चालणे, थांबणे, एक-दोन पावले मागे सरणे, सांगितल्यावर मागचा भाग बाजूला घेणे, चारही पाय उचलू देणे, गोलात फिरणे आणि शांत उभे राहणे. आपल्या जुन्या चाबूकस्वारांनाही यातले बरेच काही ठाऊक होते. कोवळ्या घोड्याला काव्यावर धरणे, म्हणजे लांब दोरावर गोल फिरवणे, हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता. घोड्याच्या पाठीचा कणा पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत पुरता पक्का होत नाही, हे लक्षात घेतले की शिंगराला दोन-तीन वर्षे जमिनीवरच शिकवण्यात किती शहाणपण आहे ते कळते.

घोडा लाखो वर्षे शिकार होण्याचे टाळत जगला आहे आणि त्याचे सगळे शरीर त्यासाठीच घडले आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. फक्त कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीच्या थेट मागचा पट्टा दिसत नाही. लहान मुले नेमकी तिथूनच हात लावायला येतात. माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, घोड्याला ३३ किलोहर्ट्झपर्यंतचा. अंगावर बसलेली माशी त्याला कळते आणि तेवढीच कातडी तो थरथरवतो. उभ्याने तो डुलकी काढू शकतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवेच व्हावे लागते, आणि जिथे सुरक्षित वाटत नाही तिथे तो आडवा होत नाही. अगाडी-पिछाडी आखडून बांधलेला घोडा चिडखोर का झाला, याचे उत्तर कधी कधी इतके साधे असते.

आता दोराकडे या. तुम्ही घोड्याच्या डाव्या खांद्याशी उभे आहात, दोर हातात सैल आहे. त्याने एक पाऊल पुढे टाकावे असे तुम्हाला वाटते. तुम्ही दोर पुढच्या बाजूला धरता, म्होरकीचा पट्टा गालाला जेमतेम लागेल इतकाच. घोडा हलत नाही. तुम्ही जोर वाढवत नाही आणि सोडतही नाही. तो मान वर करतो, मागे रेलतो, कान फिरवतो आणि मग वजन पुढच्या पायावर आणतो. त्या क्षणी, पाऊल पडायच्याही आधी, दोर ढिला पडला पाहिजे. सगळी विद्या त्या ढिल्या पडण्यात आहे. ओढल्याने घोडा शिकत नाही, ओढ थांबल्याने शिकतो. कशामुळे सुटका झाली तेवढे त्याच्या ध्यानात राहते आणि पुढच्या वेळी तो तेच करतो. दहा-बारा वेळा हे नीट झाले की पट्टा गालाला लागायचीही गरज उरत नाही. तुमचा खांदा पुढे झुकला तरी घोडा चालू लागतो.

हेच उलटेही घडते आणि आपल्याकडे तेच जास्त घडते. पोरगा दोर ओढतो, घोडी मान जोरात वर झटकते, दोर हातातून निसटतो. घोडी त्या दिवशी शिकते की मान झटकली की सुटका होते. पाय उचलायला गेलेला नालबंद लाथेच्या भीतीने मागे सरतो आणि लाथ उगारली की माणूस जातो हे तिला कळते. मग बाजारात तिचे नाव ‘खोडीची घोडी’ असे पडते, भाव उतरतो, पुढचा मालक आणखी जाड लगाम आणतो. अडेलपणा, चावरेपणा, रस्त्यात मागे फिरणे या खोडी जन्माने आल्या असे धरून चालणे सोपे असते. त्यातल्या कित्येक कुणीतरी, अजाणता का होईना, पण पद्धतशीर शिकवलेल्या असतात.

आदराची गोष्टही इथेच येते. तबेल्यांत वचक हा शब्द फार ऐकू येतो. घोड्याला वचक हवा, नाहीतर तो डोक्यावर बसतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यामागची गरज खरी आहे. चारशे किलोचे जनावर खांद्याने रेटत अंगावर आले, पायावर खूर पडला, तर माणूस जायबंदी होतो. घोड्याने माणसापासून हातभर अंतर राखलेच पाहिजे. पण ते अंतर मारून राखायचे की शिकवून, हा प्रश्न आहे. घोडे कळपातही एकमेकांना हलवतात. आधी नुसता कान मागे जातो, मग मान वळते, आणि दाताची वेळ क्वचितच येते. माणसानेही तोच क्रम पाळायचा. आधी खांद्याची दिशा, मग हात, मग काठीचे टोक, आणि घोडा सरकला रे सरकला की सगळे बंद. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. घोड्याच्या अंगणातही माणसाने विचारून शिरावे. मागून न बोलता जाऊ नये, कान पिरगाळू नये, थेट कपाळावर हात नेऊ नये. ओळखीची सुरुवात मानेच्या बुडाशी, पाठ जिथे सुरू होते त्या उंचवट्यावर खाजवून करावी. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात. फ्रान्समधल्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथे खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावल्याचे दिसले. खरारा कुठून सुरू करायचा याचे उत्तर त्यात आले.

जगभर या विषयावर मोठा वाद आहे. ग्रीक सेनानी झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवरच्या ग्रंथात बजावले होते की रागात घोड्याजवळ जाऊ नये. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या जॉन रॅरीने नाठाळ घोडे वठणीवर आणण्याचे प्रयोग १८५८ साली राणी व्हिक्टोरियासमोर करून दाखवले. आपल्या काळात माँटी रॉबर्ट्सने गोल कुंपणातली ‘जॉइन-अप’ पद्धत प्रसिद्ध केली आणि १९८९ मध्ये विंडसरला राणी एलिझाबेथसमोर तिचे प्रात्यक्षिक दिले. घोड्याला गोलात पळवायचे, तो कान वळवून, ओठ चाटून, मान खाली घालून थांबायची इच्छा दाखवू लागला की पाठ फिरवायची. घोडा आपणहून मागे येतो. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे असे ते दृश्य असते. रॉबर्ट्सचे म्हणणे असे की माणूस इथे कळपाच्या भाषेत बोलतो आणि घोडा त्याला पुढारी मानतो.

सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली या समजाला धक्का दिला. गोलात माणसाऐवजी त्यांनी रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटार ठेवली. घोडा तिच्याकडे वळला की मोटार थांबे, पाठ फिरवली की मागे लागे. थोड्याच वेळात घोडे त्या मोटारीच्या मागेही जाऊ लागले. मोटारीला कोणी कळपाचा पुढारी मानणार नाही. म्हणजे काम करत होते ते तेच, दाब आणि सुटका. मला हा निष्कर्ष पटतो, आणि त्याने माणसाची किंमत कमी होते असे वाटत नाही. उलट गूढ उतरते आणि जबाबदारी वाढते. घोडा मागे आला म्हणजे त्याने आपल्याला हृदयात जागा दिली, असे समजून थांबता येत नाही. त्याला दमवून, दुसरी वाट न ठेवता मागे आणले का, हेही विचारावे लागते.

भरवसा म्हणून काही वेगळे उरते का? उरते. स्वीडनच्या लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला यातला सगळ्यात बोलका वाटतो. माणसांना घोडा धरून ठराविक वाटेने चालायला लावले आणि चौथ्या फेरीला घोड्यासमोर छत्री उघडणार असे सांगितले. छत्री उघडलीच नाही. पण त्या फेरीत माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्याचेही. दोराच्या दुसऱ्या टोकाची धास्ती घोड्यापर्यंत पोचते. ससेक्स विद्यापीठाच्या २०१८च्या अभ्यासात ज्या माणसाचा रागीट फोटो घोड्यांनी सकाळी पाहिला होता, तोच माणूस नंतर शांत चेहऱ्याने समोर आला तरी घोडे त्याच्याशी सावध वागले. फ्रान्समध्येच कॅरोल सँकी यांनी २०१० साली दाखवले की खाऊ देऊन शिकवलेली शिंगरे लवकर शिकतात, महिनोनमहिने विसरत नाहीत आणि माणसांशी मोकळी वागतात. आपल्याकडे गूळ-चणे देणारे जुने सईस हे न वाचता जाणत होते. मात्र हातातून सारखे चारल्याने घोडा खिसे चाचपू लागतो आणि चावायला शिकतो, ही त्यांची तक्रारही खरी आहे. घास नेमक्या कृतीनंतरच द्यायचा, हा त्यावरचा उपाय.

या मातीत घोड्याची जाण कमी नव्हती. बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त घोड्यांची पारख आणि अश्वक्रीडा आहे. शालिहोत्राच्या परंपरेतल्या अश्वपरीक्षेच्या पोथ्याही होत्या. पण मराठी पागेचे खरे वैभव मला तिच्या व्यवस्थेत दिसते. सभासद बखरीप्रमाणे शिवाजी महाराजांच्या फौजेत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. स्वाराच्या पराक्रमाइतकीच पाण्याची आणि खुराची तरतूद लिहून ठेवलेली होती. कल्याण-भिवंडीही १६५७च्या ऑक्टोबरात याच स्वराज्यात आली. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच उधळली तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ते पाप तुमच्या माथी येईल, असा त्याचा आशय. रयतेला त्रास देऊ नका हे त्याच पत्रात आहे. मी ते नेहमी घोडा पाळण्याचा धडा म्हणून वाचतो. चंदी-चारा वेळेवर देणारा हात हाच घोड्याच्या लेखी पहिला विश्वासाचा हात असतो.

आजही महाराष्ट्रात जमिनीवरच्या भरवशाची दोन मोठी उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. एक धनगरांचे. भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा नुकताच देशी वंश म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदला गेला. मेंढपाळांच्या बिऱ्हाडासोबत पुणे, सोलापूर, सातारा, अहिल्यानगर जिल्ह्यांतून हे तट्टू ओझे वाहत फिरते. शिंगरू जन्मल्यापासून आईच्या बाजूने चालते. कुत्री, पोरे, मोटारी, नदीचा उतार, वाऱ्यावर फडफडणारी कांबळी हे सगळे ते आईच्या अंगाला चिकटून बघते. त्याला वेगळे माणसाळवावे लागत नाही. घाबरण्याजोगी गोष्ट ओळखीच्या सोबतीत, हळूहळू, रोज दाखवणे ही पद्धत नव्या प्रशिक्षकांना पुस्तकात सापडते. धनगराच्या वाड्यावर ती संसाराचाच भाग आहे.

दुसरे उदाहरण माउलींच्या अश्वाचे. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व दरवर्षी पायी आळंदीला येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्यावर कोणीच नसते, कारण त्यावर माउली बसलेले असतात अशी वारकऱ्यांची श्रद्धा. चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण होते, पुढे पुरंदवड्याला गोल रिंगण. लाखो माणसे, टाळ-मृदंगांचा कल्लोळ आणि मधल्या वाटेने रिकाम्या पाठीचा घोडा धावत सुटतो. त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोक झेपावतात. त्याचा लगाम त्या क्षणी कुणाच्याही हातात नसतो. श्रद्धेने बघणाऱ्याला त्यात माउली दिसतात आणि ते त्याच्याजवळ राहो. घोड्याच्या बाजूने बघणाऱ्याला अंकलीपासूनची पायी वाट दिसते. तीच माणसे, तोच जोडीदार घोडा, मुक्कामामागून मुक्काम, रोज वाढत जाणारी गर्दी. स्वाराचा घोडा पुढे असला की मागच्याला कुठे धावायचे ते कळते. वर्षातला एक दिवस घोड्याला भाड्याने आणून हे कधीच साधले नसते.

भिवंडीच्या वरातीत नेमके हेच नसते. घोडी बदलते, पोरगा बदलतो, गल्ली बदलते. आणि वेळापत्रक घोडीच्या विरुद्ध आहे. राज्यातला घोड्यांचा मोठा बाजार नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला भरतो, म्हणजे मार्गशीर्षात, ऐन लग्नसराईत. तिथून धुळे-नाशिक मार्गे टेम्पोतून उतरलेली घोडी काही आठवड्यांतच फटाक्यांपुढे उभी केली जाते. मालकाचाही नाइलाज असतो. पैसे गुंतलेले असतात, मुहूर्त मोजके असतात. मग काटेरी लगाम येतो. तो खेचला की घोडी उभी राहते आणि सगळ्यांना वाटते, किती शांत आहे! घोडा दोन कारणांनी शांत उभा राहतो. एक, त्याला धोका वाटत नाही. दुसरे, काही केले तरी सुटका नाही हे त्याला कळून चुकले आहे. दुसऱ्या प्रकारच्या घोड्याचे कान ताठ आणि मागे खिळलेले असतात, डोळ्यावरची कातडी आवळलेली असते, जबडा घट्ट असतो. इटली-इंग्लंडच्या संशोधकांनी २०१४ साली घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची मोजपट्टी तयार केली, तिच्यात हीच लक्षणे आहेत. अशी घोडी शंभर वराती काढते आणि एकशे एकाव्या वरातीत उधळते. मग दोष डीजेवाल्याला दिला जातो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. ओझे वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५च्या केंद्रीय नियमांनी जनावर हाकायला, त्यावर बसायला किंवा ताब्यात ठेवायला काटे किंवा गाठी असलेला लगाम वापरायला बंदी घातली आहे. त्याच नियमांत ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक जुंपायला मनाई आहे, आणि पारा ३७ अंशांवर असेल तिथे दुपारी बारा ते तीन काम घ्यायला मनाई आहे. ठाणे जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा यापुढे सहज जातो. मुंबईत हौसेच्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या. पण बंदीने घोड्याला शिकवणारा माणूस तयार होत नाही. माथेरानला दस्तुरी नाक्यापासून लाल मातीच्या वाटेवर घोड्यासोबत दिवसभर चालणारे घोडेवाले हे काम रोज करतात. त्यांच्यातल्या चांगल्या माणसाची नजर आणि हात पुढच्या पिढीला कसे द्यायचे, याचा विचार कुठल्याच आदेशात नाही.

भिवंडीपुरते बोलायचे तर वेळ मात्र आहे. चातुर्मासात हिंदू लग्ने थांबतात. वराती कमी होतात, घोडी चिखलात बांधून पडतात आणि खर्च परवडत नाही म्हणून चंदी आखडली जाते. हेच चार महिने तालमीचे. रोज वीस मिनिटे पुरतात, तासाहून अधिक घेऊच नयेत. पहिले पंधरा दिवस फक्त म्होरकीत चालणे, थांबणे, मागे सरणे. मग चारही खूर रोज उचलून साफ करणे, म्हणजे नालबंद आला की झटापट होत नाही. पावसाळ्यात खुरांची सड ओळखायलाही तेच उपयोगी पडते. मग फाटकी ताडपत्री, छत्री, झूल, फुलांच्या माळा. बँडचा आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून दाण्याच्या वेळी सुरू करायचा आणि घोडी खाणे थांबवणार नाही इतकाच रोज वाढवायचा. ती खाणे थांबवून कान टवकारते ती त्या दिवसाची हद्द. आणि हे सगळे वरातीत जो पोरगा तिला धरणार आहे त्यानेच करायचे, मालकाने नव्हे. त्याची मजुरी पावसाळ्यात चालू ठेवावी लागेल, हाच यातला खरा खर्च आहे आणि मालक तिथेच अडतात. उधळलेल्या घोडीने एका माणसाचे हाड मोडले तर होणारा खर्च त्याहून मोठा असतो, हे त्यांनाही ठाऊक असते.

सारंगखेड्याला खरेदीची रीतही बदलायला हवी. तिथे रंग बघतात, उंची बघतात, मारवाडी घोड्याच्या कानांची टोके जुळतात का ते बघतात, अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ ते बघतात. काठीने पायांवर टोकून शिकवलेला नाच बघून लाखांचे सौदे होतात. वरातीसाठी घोडी घेणाऱ्याने वेगळे मागावे. विकणाऱ्याला म्हणावे, लगाम काढा, नुसत्या म्होरकीवर गर्दीतून चालवून दाखवा. चारही पाय उचला. मी मागून बोलत येतो, ती काय करते ते बघू द्या. तोंड उघडून जिभेवर आणि गालफडांत जुन्या जखमांचे वण आहेत का ते तपासावे. शेवटी टेम्पोची फळी लावून तिला आत चढायला सांगावे. जी दोर सैल असताना फळी हुंगते, थबकते आणि मग पाऊल ठेवते, ती घ्यावी, भोवरा कुठेही असो. जिला चार माणसे मागून दोरखंड लावून ढकलतात, तिच्या मालकाला विचारावे की तिला आजवर जमिनीवर कोणी, किती दिवस आणि कसे शिकवले.